वाचून न दाखवलेली ओळ

मंगल,

लातूरकडची मंडळी काल सकाळी गेली. रिक्षात बसताना तुझ्या आईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुमी होतात म्हणून मला घोर नव्हता, ताई." रिक्षा वळेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. त्यांना काय सांगायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. तेच लिहायला आज बसले आहे, पण आधी तुला.

गेली पावणेदोन वर्षं या घरात आलेला प्रत्येक कागद मी तुला वाचून दाखवला. तुझ्या श्रुतीच्या कॉलेजच्या नोटिसा, लग्नपत्रिका, सोसायटीच्या पाण्याचं वेळापत्रक, औषधांच्या पाकिटांवरचं बारीक अक्षर. तू समोर मांडी घालून ऐकायचीस आणि मी एखादा शब्द घाईने उरकला की म्हणायचीस, "परत." त्या सगळ्या वाचनात मी एकदाच खोटेपणा केला. तुझ्या दुसऱ्या उपचाराच्या संमतीपत्रातली एक ओळ मी गाळली. तू सही केलीस, आणि चौथ्या दिवशी तू गेलीस.

ती ओळ वाचली असती तर तुझ्या डोक्यात जे झालं ते टळलं असतं, असं मला म्हणायचं नाही. तू आत गेलीस तेव्हा तुला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे त्या ओळीने ठरलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

तू दिलीपशी लग्न करून पुण्याजवळच्या या चिखलीत आलीस तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करत होते, आणि मला बघायला माणसं येणं अजून पुरतं थांबलेलं नव्हतं. तुझ्या पहिल्याच वर्षी असे एक पाहुणे आले. मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसले होते. तू पोह्यांची बशी हातात घेऊन दारात उभी राहिलीस, वीस वर्षांची, नवी नवरी, आणि मोठ्या नणंदेला विचारलंस, "ताई, तुमी वाचायलाव का लपायलाव?"

मला इतका राग आला होता, की चार दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. पुढे आपण पुष्कळ बोललो, पण त्या प्रश्नाचं उत्तर मी कधी दिलं नाही. तूही पुन्हा विचारला नाहीस. लपतच होते, मंगल. दोन्हीही करत होते, पण त्या दिवशी लपतच होते.

पुस्तकांवरून आपलं कधी जमलं नाही. तुझं म्हणणं, वाचायचं ते कामासाठी. लेबल, नकाशा, पत्ता, बस. माझं म्हणणं, काहीच कामाचं नसलेलं वाचणं हेही माणसाला लागतं. "कशाला लागतं?" तू विचारायचीस. मी उत्तर जुळवेपर्यंत तू कुकर बंद करायला उठलेली असायचीस. भांडण नेहमी कुकरपाशी संपायचं, आणि निकाल लागायचा नाही.

तुझं काम मला कळायला मात्र बरीच वर्षं लागली. चाकणच्या त्या कंपनीत गाडीच्या अंगातून फिरणाऱ्या तारांचे जुडगे बनतात एवढंच माहीत होतं. एका रविवारी तू जेवणाच्या टेबलावर शेंगदाणे मांडून मला दाखवलंस. हा फळा, ह्या खुंट्या, ही लाल तार इथून निघाली, इथे फाटा फुटला, एक दिव्याला, एक हॉर्नला, आणि ही काळी परत घरी. तू आधी तारा ओवायचीस, मग पट्टी गुंडाळायचीस, आणि शेवटची सहा वर्षं तपासणीवर होतीस. प्रत्येक टोकाला एक चिकटपट्टी, तिच्यावर अक्षरं आणि आकडे. ती वाचायची, जोड ओढून बघायचा, सही करायची. "माझ्या सहीबिगर गाडीचा दिवा लागत न्हाई," तू म्हणायचीस. ते खरंही होतं.

ज्या दिवशी तुझ्या डोक्यातलं ते फुटलं, त्या दिवशी तू बारा जुडगे नापास केलेस. हे मला तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या सुनंदाने सांगितलं. चहाच्या सुट्टीनंतर तू एकामागून एक लाल टॅग लावत सुटलीस. सुपरवायझर काळे धावत आला.

"मॅडम, बारा पीस लाल? सकाळी सकाळी काय वैर काढताय माझ्यावर?"

"लेबल अर्धंच छापलंय. उजवीकडं कोरंय समदं."

"अहो, पूर्ण आहे की. हे बघा. हे बघा ना."

"तुमी डोळे तपासून घ्या, काळे. मी सही करणार न्हाई."

सुनंदा म्हणाली, सगळी लाइन हसली, कारण काळेशी असं बोलणारी तू एकटीच होतीस. मग तू डोक्याच्या मागे हात लावलास, हळूच खाली बसलीस, आणि तुला उलटी झाली. लेबलं पूर्ण होती. कोरं होत चाललं होतं ते तुझ्या नजरेतलं उजवीकडचं जग. तरीही तू नियमानेच वागली होतीस. दिसलं नाही, म्हणून पास केलं नाही.

जवळच्या दवाखान्यात स्कॅन झाला, तिथून पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात. डॉक्टरबाई चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी एका कागदाच्या पाठीवर चित्र काढून दिलीपला आणि मला समजावलं. हृदयाकडून जोरात आलेलं रक्त बारीक वाहिन्यांच्या जाळ्यातून झिरपतं, तिथे त्याचा जोर मोडतो, मग ते शिरेत उतरतं. तुझ्या मेंदूत एका ठिकाणी ते जाळं तयारच झालेलं नव्हतं. धमन्या थेट शिरांना जोडलेल्या, त्यांचा गुंता, आणि त्या गुंत्याला आलेला एक फुगवटा. तोच फुटला होता.

"जन्मापासूनचं असतं हे," त्या म्हणाल्या. "फार थोड्या लोकांत असतं. आणि बऱ्याचदा फुटेपर्यंत पत्ता लागत नाही."

"डोकं उघडायचं का?" दिलीपने विचारलं.

"गुंता खोल आहे, आणि दिसण्याच्या भागाला चिकटून आहे. उघडून करण्यापेक्षा आतून जाऊ. जांघेतल्या धमनीतून एक बारीक नळी वर न्यायची, तिच्यातून आणखी बारीक. फुटलेल्या जागेपर्यंत पोचायचं आणि तिथे डिंकासारखं एक औषध सोडायचं. ते तिथल्या तिथे घट्ट होतं. वाट बंद."

दिलीप माझ्याकडे वळला. "ताई, डोक्याचं दुखणं आणि मांडीतून?"

घरात काही न कळलं की तो माझ्याकडेच बघतो. मी मान हलवली. मलाही काही कळलेलं नव्हतं.

चार तासांनी त्या बाहेर आल्या. डोक्यावरची टोपी काढली तर केस घामाने चिकटलेले. फुटलेली जागा बंद झाली होती, गुंत्याचा निम्मा भागही. उरलेला आज नको, त्या म्हणाल्या. एकदम सगळं बंद केलं तर आजूबाजूच्या मेंदूला तो बदल झेपत नाही. तुझ्या अंगावर जखम म्हणून काय होती, तर जांघेत सुईएवढी खूण. आठवड्याने तू ती श्रुतीला दाखवलीस आणि म्हणालीस, "एवढ्यातनं डोसक्यात गेले बघ. रस्ता ठाऊक असला की झालं."

तुला त्यांनी पुन्हा एकदा सगळं समजावून सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. तू कागदावरच्या चित्राकडे बघितलंस, बोटाने एक रेघ पुसल्यासारखी केलीस आणि म्हणालीस, "म्हणजे शॉर्ट हाय. मधी लोडच न्हाई. तार जळणारच की."

डॉक्टरबाई खुशीने हसल्या. "अगदी बरोबर. आता मी सगळ्यांना असंच सांगणार."

आम्हीही हसलो. किती चपखल होतं ते. तुझ्या त्याच हुशारीने पुढे तुला चकवलं, आणि मला ते दिसत असून मी गप्प बसले.

वाचता येत नाही हे कळलं ते एका चिठ्ठीमुळे. घरून काय काय आणायचं याची यादी तू दिलीपला लिहून दिलीस. नेहमीचं तुझं टपोरं अक्षर. कंगवा, मऊ टॉवेल, खोबरेल तेल. दिलीप सामान घेऊन आला आणि राहिलं असेल तर बघ म्हणून चिठ्ठी तुझ्या हातात दिली. तू बघत राहिलीस.

"कुणी लिहिलंय हे?"

"तूच की. सकाळी."

"मग मला का येईना वाचाया?"

तू ती चिठ्ठी उलटी केलीस, पुन्हा सुलटी केलीस. पेन मागितलंस, स्वतःचं नाव लिहिलंस, बरोबर लिहिलंस, आणि त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलंस. लिहिण्याचा रस्ता शाबूत होता, वाचण्याचा तुटला होता. असं होऊ शकतं, डॉक्टरबाई म्हणाल्या. मी जन्मभर शाळेत पुस्तकं दिली-घेतली. वाचता न येणारी माणसं पाहिली होती. स्वतः लिहिलेलं वाचता न येणारं माणूस पाहिलं नव्हतं.

त्यानंतरचा काळ मला कुणी परत देणार असेल, तर तुझ्या आजारासकट घेईन का? असं विचारणंसुद्धा वाईट. पण आपल्या वीस वर्षांत आपण खऱ्या अर्थाने एकत्र बसलो ते त्याच काळात. हॉस्पिटलातल्या, पुन्हा वाचायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, डोळ्याला अक्षर ओळखू येत नसेल तर बोटाने गिरवून बघा. मी शाळेतून पहिलीची पुस्तकं आणली. संध्याकाळी तू स्वयंपाक उरकून यायचीस आणि उजव्या हाताचं बोट छापलेल्या अक्षरावरून फिरवायचीस. सुरुवातीला काहीच नाही. मग एके दिवशी तू इतक्या मोठ्याने ओरडलीस, की शेजारच्या वहिनी दार वाजवत आल्या.

"बोटाला कळतंय, ताई! डोळ्याला न्हाई, बोटाला!"

खुंटीवरून तार न्यावी तसं तू अक्षर वळवत न्यायचीस. कानामात्रेला थांबायचीस, फाटा कुठे फुटला ते बघायचीस. एका ओळीला दोन-दोन मिनिटं लागायची. ओळ हाती लागली की मान वर करून माझ्याकडे बघायचीस, आणि मग त्या ओळीवर टीका.

"ह्या पुस्तकातली आई कामाला कधी जाते? निसती अंगणात हुबी."

"पहिलीचं पुस्तक आहे गं."

"मग पयलीच्या पोरांच्या आया काय निसत्या हुब्या असतात?"

आणि तो हिंजवडीचा दिवस. तुला पिंपरीला जायचं होतं, तुझ्या मैत्रिणीच्या मुलीसाठी कापड घ्यायला. बसचा नंबर तू माझ्याकडून ऐकून हातावर लिहून घेतलास. अर्थात तो हात तुला वाचता येईना. मग कुणाला तरी विचारून चढलीस. तासाभराने फोन.

"ताई, मी कुठं आले की. हितं समद्यांच्या गळ्यात पट्टे हायत."

"पट्टे?"

"पट्टे हो, आन् खाली फोटू लटकायलाय. काचंच्या बिल्डिंगी. गाड्या तर हलंना गेल्यात. माझ्या आधी मुंगी पोचंल घरी."

मी ग्रंथालयात होते, हसू दाबत होते आणि मुलं माझ्याकडे बघत होती. तू फोन आयटीतल्या एका पट्टेवाल्या मुलीला दिलास आणि तिने तुला परतीच्या बसमध्ये बसवून दिलं. घरी आलीस तेव्हा पाय सुजले होते. तू पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, "तुमचं पटलं मला. कामाला न लागणारं वाचणंबी पायजे. आज मला पाट्या वाचाया आल्या आसत्या, तर मी मुद्दाम हिंजवडीला गेले आसते फिराया." हे माझ्या मुद्द्याच्या बाजूने होतं की विरोधात, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

हसण्यातून दिवस जात होते, पण तुझ्या मनात एकच गोष्ट चालली होती. कंपनीने तुला कामावर परत घेतलं ते पट्टी गुंडाळायच्या विभागात. हाताचं काम, डोळ्याचं नाही. त्यांनी नीट वागवलं हे तूच सांगायचीस. पण तपासणीच्या टेबलावर आता सुनंदा बसत होती, आणि तुझ्या हातचे जुडगे तिच्यापुढे तपासायला जात होते. "चांगली पोरगी हाय," तू म्हणालीस. "पर ओढून बघत न्हाई नीट." आणि भाकरीचं पीठ जरा जास्तच जोरात मळलंस.

मग तू ते वाक्य बोलायला लागलीस. "ही ऱ्हायलेली शॉर्ट निघाली की दिवा लागल." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं. तुझ्या फळ्यावर असंच होतं. शॉर्ट काढली, की तीच तार पुन्हा चालू, तोच दिवा पुन्हा लागतो. तुझा हिशोब सरळ होता. अर्धी शॉर्ट काढली, म्हणून अर्धं परत आलं, बोटाने वाचता येतंय. उरलेली काढली, की उरलेलं.

मेंदूत तसं नसतं. जिथे रक्त साचून तो भाग गेला, तो गेला. तू बोटाने जे मिळवलं होतंस ते तुझं होतं, तुझ्या मेहनतीचं. उपचाराने दिलेलं नव्हतं. मला हे माहीत होतं. तपासणीचा अँजिओग्राम झाला त्या दिवशी तुला दुसरीकडे रक्ततपासणीला नेलं होतं आणि दिलीप औषधं आणायला गेला होता, तेव्हा डॉक्टरबाईंनी मला बसवून घेतलं. उरलेला गुंता तसाच ठेवला तर पुन्हा फुटण्याची भीती आहे, त्या म्हणाल्या. बंद करावा असं माझं मत. पण त्यातही धोका आहे, आणि निर्णय त्यांचा. मग म्हणाल्या, "त्यांना वाटतंय की याने वाचता यायला लागेल. मी मागे सांगितलं होतं, पण त्यांच्या मनात बसलं नाही बहुतेक. संमतीपत्रात मी वेगळी ओळ लिहून ठेवणार आहे. तुम्ही वाचून दाखवाल ना? नीट?"

"हो," मी म्हणाले.

वॉर्डमध्ये दुपारची वेळ होती. तू पाठीशी उशी घेऊन बसली होतीस. चार पानांचं संमतीपत्र. मी सगळं वाचलं. नळी कुठून जाणार, किती वेळ लागेल, भूल कशी. रक्तस्राव होऊ शकतो, हातपाय जाऊ शकतात, जीवही जाऊ शकतो, हेसुद्धा वाचलं. तेव्हा तू डोळे मिटून घेतलेस आणि म्हणालीस, "ते लिवावंच लागतं त्यास्नी. पुढं."

पुढे ती ओळ होती. निळ्या शाईत, डॉक्टरबाईंच्या हातची.

मी थांबले. मला वाटलं, ही ऐकली की तू नाही म्हणशील. सरळ म्हणशील, मग कशाला करायचं, हाय तसं बरं हाय. आणि घरी येशील, आणि कधीतरी पीठ मळताना, बसमध्ये, झोपेत, ते पुन्हा फुटेल. मी त्या भीतीने गेली दीड वर्षं तुझ्या खोलीतला प्रत्येक आवाज ऐकत होते. मला तो गुंता जायला हवा होता. तुझं त्यावर काय म्हणणं आहे, हे ऐकायची माझी तयारी नव्हती.

तू विचारलंस, "माझ्या वाचण्याचं काय लिवलंय?"

"काही नाही," मी म्हणाले. "खाली सही कर."

आणि पेन तुझ्या बोटांत दिलं.

संध्याकाळी मी खालून चहा घेऊन वर आले, तर तू कॉटवर पाय सोडून बसली होतीस आणि संमतीपत्राची तुझी प्रत मांडीवर होती. बोट फिरत होतं. कुठल्या पानावर, कुठल्या ओळीवर, ते दारातून दिसलं नाही. मी चहा घेऊन तशीच उभी राहिले. आत जायला हवं होतं. तू मला पाहिलंस आणि कागदाची घडी घातलीस.

"लई बारीक छापलंय," एवढंच म्हणालीस.

थोड्या वेळाने डॉक्टरबाई आल्या. काही शंका आहे का, त्यांनी विचारलं. तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. जोड नीट बसलाय का हे बघताना तुझी जशी नजर होते, तशी. मग म्हणालीस, "ताईंनी वाचलंय समदं."

सकाळी तुला न्यायला आले. श्रुतीने तुझ्या वेण्या घातल्या होत्या, त्या सोडून टोपी घातली. दिलीप तुझ्या पायाशी उभा राहून पांघरूण पुन्हा पुन्हा नीट करत होता. ढकलगाडी लिफ्टपाशी थांबली तेव्हा तू माझी बोटं धरलीस.

"परत आले की तुमचं वाचणं तपासायचंय मला, ताई."

"तपास," मी म्हणाले.

लिफ्टचं दार लागलं. तुला माहीत होतं का, मंगल? ती ओळ तुझ्या बोटाला लागली होती का? लागली असेल, तर तू सगळं माहीत असून गेलीस, आणि मला वाचवायला डॉक्टरांपुढे तसं बोललीस. नसेल, तर तू दिवा लागेल या आशेने गेलीस. मी दोन्ही बाजूंनी विचार करते. पहिल्यात मला सुटका दिसते, म्हणून तिच्यावर माझा विश्वास बसत नाही.

उपचार झाला. गुंता पूर्ण बंद झाला असं त्यांनी सांगितलं, आणि दिलीपने सगळ्यांना फोन केले. संध्याकाळी तू माझं नाव घेतलंस, पाणी मागितलंस. मग तासाभरात सगळं बदललं. इतकी वर्षं त्या चुकीच्या वाटेची सवय झालेल्या आजूबाजूच्या वाहिन्यांना नवा दाब झेपला नाही, आणि तिथून रक्त आलं. डॉक्टरबाई आमच्या शेजारी बाकड्यावर येऊन बसल्या. त्यांनी काही झाकलं नाही, कुठला शब्द मऊ केला नाही. हे होऊ शकतं हे माहीत होतं, टाळायचा प्रयत्न केला, टळलं नाही, असं म्हणाल्या. त्यांचं बोलणं ऐकताना मला माझी लाज वाटली. खरं सांगायला किती थोडे शब्द लागतात.

परवा मी दिलीपला आणि श्रुतीला सांगितलं. पाहुणे गच्चीवर जेवत होते, आम्ही तिघं तुझ्या खोलीत होतो. मी कागद काढून दाखवला आणि काय केलं ते सांगितलं.

दिलीप बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसला. "आता काय, ताई," तो म्हणाला. "तू चांगल्यासाठीच केलंस." आणि डोळे पुसायला बाहेर गेला.

श्रुती हलली नाही. एकोणीस वर्षांची आहे, पण बसली होती थेट तुझ्यासारखी, मांडी घालून, पाठ ताठ.

"ती नाही म्हणाली असती, असं तुला वाटलं ना?"

"हो."

"मग म्हणू द्यायचं होतंस, आत्या. डोकं तिचं होतं."

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते. सकाळी चहाचा कप ठेवते आणि जाते. तिला मी समजावायला गेले नाही. ती बरोबर बोलली आहे, आणि बरोबर बोलणाऱ्या माणसाला समजवायचं नसतं, हे मी तुझ्याबरोबर राहून शिकले. तुझ्या आईंना पत्र लिहीन, त्या कुणाकडून तरी वाचून घेतील. त्यांनाही हेच सांगेन.

माझ्यावर तुझे उपकार किती, ते लिहायला गेले तर पुन्हा लपायला जागा मिळेल. म्हणून एवढंच लिहिते, की तू या घरात आलीस आणि मला कुणीतरी पुस्तकाच्या पलीकडून हाक मारायला लागलं. ती हाक आवडत नाही असं मी वीस वर्षं दाखवलं. आवडत होती.

आता राहिलेली ओळ वाचते. परत म्हणायची वेळ येणार नाही इतकी सावकाश.

"रुग्णाची गेलेली वाचनक्षमता व उजवीकडील दृष्टी या उपचाराने परत येणे अपेक्षित नाही. उपचाराचा उद्देश पुढील रक्तस्राव टाळणे एवढाच आहे. हे रुग्णास समजावून सांगितले आहे."

समजावून सांगितलं नव्हतं. दिवा लागणार नव्हता, मंगल. तू विचारलं असतंस, मग कशाला करायचं? मी म्हटलं असतं, तू राहावीस म्हणून. तू खिडकीबाहेर बघत बसली असतीस, कदाचित दिलीपला बोलावून घेतलं असतंस, कदाचित मला बाहेर जायला सांगितलं असतंस. हो म्हणाली असतीस की नाही, ते मला माहीत नाही, आणि आता कळायचंही नाही. मी खुर्चीत बसून राहिले असते. पेन माझ्याकडे होतं. तू मागेपर्यंत मी ते पुढे केलं नसतं.